मोटारगाडीची घटमाला : दीर्घ विरामातील निगा

मोटारगाडीचे एंजिन सुरू करणारे चलित्र, दिवे, भोंगा व इलेक्ट्रॉनीय नियंत्रक यांना वीज पुरविणाऱ्या आणि पुनःपुन्हा भारित करता येणाऱ्या विद्युत् घटांच्या संचास संचायक घटमाला म्हणतात. व्यवहारात ती बॅटरी या नावाने परिचित आहे. रोज धावणाऱ्या गाडीत घटमालेतून खर्च झालेली वीज एंजिनाने फिरविलेल्या जनित्राकडून भरून निघते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली म्हणजे ही भरपाई थांबते, पण व्यय चालूच राहतो. न वापरलेली घटमाला जशीच्या तशी टिकते, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. ती हळूहळू रिकामी होत असते आणि रिकाम्या स्थितीत दीर्घकाळ राहणे हे तिच्या अकाली नाशाचे एक प्रमुख कारण आहे. हा नाश टाळण्यासाठी विद्युत् दाब व प्रवाह यांचे आपोआप नियमन करणारा भारक वापरतात. तो ‘स्मार्ट चार्जर’ या नावाने बाजारात मिळतो.

क्वचित वापरल्या जाणाऱ्या वाहनांत परगावी गेलेल्या मालकांच्या गाड्या, कुटुंबातील दुसरी गाडी व हौसेने जतन केलेल्या जुन्या गाड्या यांचा समावेश होतो. राखीव रुग्णवाहिका, अग्निशामक गाड्या आणि रुग्णालयांतील डीझेल जनित्र संच यांची तर सर्व उपयुक्तता आयत्या वेळी एंजिन सुरू होण्यावर अवलंबून असते. म्हणून अशा ठिकाणी घटमालेला भारक कायम जोडून ठेवण्याची पद्धत रूढ आहे. २०२० मध्ये कोव्हिड-१९च्या साथीमुळे भारतात २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली, तेव्हा असंख्य खाजगी गाड्या दीर्घकाळ एका जागी उभ्या राहिल्या आणि हा प्रश्न सामान्य वाहनधारकांपर्यंतही पोहोचला.

ऐतिहासिक : शिसे-अम्ल घट गास्ताँ प्लांते (१८३४–८९) या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये तयार केला. शिशाच्या पट्टांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लगदा लावून घटाची धारकता वाढविण्याची पद्धत कामीय फोर (१८४०–९८) यांनी १८८१ मध्ये शोधून काढली. प्रारंभीच्या मोटारगाड्यांचे एंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करीत. त्यात दांडा उलटून हात मोडण्याचे अपघात होत. चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) या अमेरिकन अभियंत्यांनी विकसित केलेले विद्युत् आरंभक चलित्र १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आले. तेव्हापासून घटमाला हा मोटारगाडीचा आवश्यक भाग बनला. विसाव्या शतकाच्या मध्यास ६ व्होल्टच्या घटमालांची जागा १२ व्होल्टच्या घटमालांनी घेतली. पट्टांच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम असलेली शिशाची मिश्रधातू १९३५ मध्ये दूरध्वनी केंद्रांतील घटांसाठी पुढे आली. १९७० नंतर मोटारगाड्यांतही तिचा प्रसार होऊन पाणी क्वचितच घालावे लागणाऱ्या घटमाला प्रचारात आल्या.

रचना व रासायनिक क्रिया : १२ व्होल्टच्या घटमालेत एकसरीत जोडलेले सहा घट असतात व प्रत्येक घटाचा विद्युत् दाब सु. २.१ व्होल्ट असतो. भारित स्थितीत धन पट्टावर शिशाचे डाय-ऑक्साइड आणि ऋण पट्टावर सच्छिद्र शिसे असते. दोन्ही पट्ट विरल सल्फ्यूरिक अम्लात बुडलेले असतात. घटातून प्रवाह घेतला असता दोन्ही पट्टांवर लेड सल्फेट तयार होते, अम्ल खर्च होते आणि पाणी निर्माण होते. भारण करताना, म्हणजे उलट दिशेने प्रवाह सोडला असता, ही क्रिया उलटते व पट्ट आणि अम्ल पूर्वस्थितीत येतात. अम्ल स्वतःच विक्रियेत भाग घेत असल्याने त्याच्या विशिष्ट गुरुत्वावरून घटमालेची स्थिती कळते. घटमाला बंदिस्त असल्यास काही तास विश्रांतीनंतर मोजलेल्या विद्युत् दाबावरून अंदाज करतात.

सर्वसाधारण शिसे-अम्ल घटमालेची स्थिती (सु. २५° से. तापमानास)
भारण १०० टक्के : विद्युत् दाब १२.६५ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.२६५
भारण ७५ टक्के : विद्युत् दाब १२.४५ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.२२५
भारण ५० टक्के : विद्युत् दाब १२.२४ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.१९०
भारण २५ टक्के : विद्युत् दाब १२.०६ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.१५५
रिकामी स्थिती : विद्युत् दाब ११.८९ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.१२०

पूर्ण भारित व रिकामी या स्थितींमधील विद्युत् दाबाचा फरक एका व्होल्टहूनही कमी असल्याने मापनासाठी अंकीय व्होल्टमापक वापरणे श्रेयस्कर असते. उष्ण प्रदेशांसाठी काहीसे अधिक विरल अम्ल वापरतात. त्यामुळे वरील आकडे मार्गदर्शक मानावेत व उत्पादकाने दिलेले आकडे प्रमाण धरावेत. काही वेळा विद्युत् दाब योग्य दिसत असूनही जुनी घटमाला एंजिन फिरवू शकत नाही. विद्युत् दाबावरून भारणाची स्थिती कळते. उरलेली धारकता कळण्यासाठी मोठा प्रवाह घेऊन चाचणी करावी लागते.

विरामकाळातील व्यय : उभ्या गाडीच्या घटमालेतील वीज दोन मार्गांनी कमी होते. पहिला मार्ग स्वयंविसर्जनाचा होय. बाहेर कोणतेही मंडल जोडलेले नसतानाही पट्ट व अम्ल यांच्यात मंद विक्रिया चालू असते. कॅल्शियमयुक्त जाळीच्या नव्या घटमालेत हा व्यय सामान्य तापमानास महिन्याला काही टक्केच असतो. अँटिमनीयुक्त जाळीच्या व जुन्या घटमालेत तो बराच अधिक असतो. तापमान सु. १०° से.ने वाढले की त्याचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. म्हणूनच विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली गाडी थंड हवेच्या ठिकाणी ठेवलेल्या गाडीपेक्षा पुष्कळ लवकर निकामी होऊ शकते.

दुसरा मार्ग गाडीतील उपकरणांचा आहे. चावी काढल्यावरही घड्याळ, चोरीची सूचना देणारी यंत्रणा, दूरनियंत्रित कुलपाचा ग्राही आणि संगणकीय नियंत्रकांची स्मृती यांना अल्प प्रवाह लागतो. आधुनिक गाडीत तो साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ५० मिलिअँपिअर प्रवाहाने दिवसाला १.२ अँपिअर-तास वीज खर्च होते. म्हणजे ४५ अँपिअर-तास धारकतेच्या पूर्ण भारित घटमालेतील निम्मी वीज सु. १९ दिवसांत संपते. प्रवाह २० मिलिअँपिअर असल्यास तेवढ्यासाठी सु. ४७ दिवस लागतात. मागाहून बसविलेली उपकरणे किंवा सामानकक्षातील न विझलेला दिवा असल्यास हा काळ आणखी घटतो.

सल्फेटीभवन : प्रवाह घेताना तयार होणारे लेड सल्फेट प्रथम अतिसूक्ष्म स्फटिकांच्या रूपात असते व लगेच भारण केल्यास ते सहज विघटित होते. घटमाला अर्धवट रिकाम्या स्थितीत राहिली, तर लहान स्फटिक विरघळून मोठ्या स्फटिकांवर पुन्हा जमतात. असे मोठे, कठीण स्फटिक विजेचे दुर्वाहक असतात व पट्टांतील सूक्ष्म छिद्रे बुजवितात. मग भारण केले, तरी तेवढे क्रियाशील द्रव्य पूर्वस्थितीत येत नाही. धारकता घटते, अंतर्गत रोध वाढतो आणि एंजिन फिरविण्यासाठी लागणारा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह घटमाला देऊ शकत नाही. या क्रियेस सल्फेटीभवन म्हणतात. सल्फेट अलीकडचे असल्यास अल्प प्रवाहाने दीर्घकाळ भारण करून ते बऱ्याच अंशी दूर करता येते, परंतु महिनोन्‌महिने मुरलेले सल्फेट बहुधा कायमचे राहते. विरामकाळातील निगेचे मुख्य प्रयोजन या अवस्थेस प्रतिबंध करणे हेच होय.

अतिशीत प्रदेशात रिकाम्या घटमालेस आणखी एक धोका असतो. पूर्ण भारित घटमालेतील अम्ल −५०° से. तापमानासही गोठत नाही. रिकाम्या घटमालेतील पाणीदार अम्ल मात्र −१०° से.च्या आसपास गोठते व त्यामुळे पेटी फुटू शकते. लडाखसारख्या प्रदेशात हिवाळ्यात उभ्या ठेवलेल्या गाड्यांच्या बाबतीत ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

एंजिन अधूनमधून चालू करणे : उभ्या गाडीचे एंजिन दर आठवड्यास पाच मिनिटे जागच्या जागी चालविण्याची सवय अनेकांना असते. तिचा लाभ फारच थोडा असतो. आरंभक चलित्राने २०० अँपिअर प्रवाह दोन सेकंद घेतला, तर सु. ०.१ अँपिअर-तास वीज खर्च होते. पाच मिनिटांत घटमालेस सरासरी १० अँपिअर प्रवाह मिळाला असे धरले, तरी ०.८ अँपिअर-तास एवढीच भर पडते. ५० मिलिअँपिअर प्रवाहाने आठवड्यात खर्च झालेली वीज मात्र ८.४ अँपिअर-तास असते. म्हणजे घटमाला प्रत्येक आठवड्यास अधिकच रिकामी होत जाते. शिवाय एंजिन पुरेसे न तापल्याने वंगण तेलात व निष्कास नळीत पाण्याचा अंश साचतो. बंद जागेत एंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूमुळे प्राणहानी होऊ शकते. याउलट आठवड्यातून एकदा अर्धा ते पाऊण तास गाडी रस्त्यावर चालविल्यास घटमालेबरोबरच टायर, गतिरोधक व वंगणव्यवस्था यांनाही लाभ होतो.

भारकाचे कार्य : जुन्या पद्धतीच्या साध्या भारकात घरगुती प्रत्यावर्ती विजेचा दाब रोहित्राने कमी करून एकदिशकारकाने तिचे एकदिश विजेत रूपांतर करीत. घटमाला भरली, तरी प्रवाह चालूच राहत असे. एका घटाचा विद्युत् दाब सु. २.४ व्होल्टपर्यंत, म्हणजे संपूर्ण घटमालेचा १४.४ व्होल्टपर्यंत, चढला की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू वेगाने बाहेर पडू लागतात. असा भारक अनेक दिवस जोडलेला राहिल्यास पाणी आटते, पट्ट उघडे पडतात व धन पट्टाची जाळी गंजते. त्यामुळे अल्पभारणाने होणारी हानी टाळताना अतिभारणाने घटमाला गमावण्याचे प्रसंग येत.

स्मार्ट चार्जरमध्ये सूक्ष्मप्रक्रियक घटमालेचा विद्युत् दाब व तिच्याकडे जाणारा प्रवाह सतत मोजत असतो व त्यानुसार भारणाचे टप्पे बदलतो. आरंभी घटमाला योग्य रीतीने जोडली आहे की नाही आणि ती भारण स्वीकारते की नाही, याची तपासणी होते. पहिल्या मुख्य टप्प्यात प्रवाह स्थिर ठेवतात व विद्युत् दाब वाढत जाऊन सु. १४.४ व्होल्ट होतो. या अवस्थेत घटमाला सु. ८० टक्के भरलेली असते. दुसऱ्या टप्प्यात विद्युत् दाब स्थिर ठेवतात व प्रवाह आपोआप घटत जातो. उरलेला सु. २० टक्के भाग भरण्यास अनेक तास लागतात. तिसऱ्या टप्प्यात विद्युत् दाब १३.२ ते १३.८ व्होल्टच्या दरम्यान उतरवितात. येथे केवळ स्वयंविसर्जन व गाडीतील उपकरणे यांच्यापुरताच प्रवाह दिला जातो, पाण्याचे विघटन अत्यल्प होते आणि भारक आठवडेच्या आठवडे जोडलेला ठेवता येतो. काही भारक या टप्प्यात पूर्णपणे थांबतात व विद्युत् दाब ठराविक मर्यादेखाली उतरल्यावरच पुन्हा सुरू होतात.

तापमान वाढले की वायू निर्माण होण्यास कमी विद्युत् दाब पुरतो. म्हणून चांगल्या भारकात तापमानानुसार दाब बदलण्याची सोय असते. १२ व्होल्टच्या घटमालेसाठी दर अंश सेल्सियसला सु. ०.०२४ व्होल्ट हे प्रमाण धरल्यास २५° से. तापमानास योग्य असलेला १३.६ व्होल्ट दाब ४०° से. तापमानास सु. १३.२४ व्होल्टपर्यंत उतरवावा लागतो. महाराष्ट्रातील उन्हाळा ध्यानात घेता ही सोय उपयुक्त ठरते.

काही भारकांत प्रवाहाचे स्पंद सोडून किंवा विद्युत् दाब १५ व्होल्टच्या वर नेऊन सल्फेट विघटित करण्याची वेगळी योजना असते. अम्ल तळाशी दाट व वर विरल झाले असल्यास अशा भारणातील बुडबुड्यांनी ते ढवळले जाते, हा तिचा निश्चित लाभ होय. तुटलेली जाळी, गळून पडलेले क्रियाशील द्रव्य किंवा आतून मंडलसंक्षेप झालेला घट यांवर कोणत्याही भारकाचा इलाज चालत नाही. तसेच हा वाढीव दाब गाडीतील इलेक्ट्रॉनीय उपकरणांस हानिकारक ठरू शकत असल्याने त्यापूर्वी घटमाला गाडीपासून अलग करावी लागते.

निवड : भारकाचा प्रवाह घटमालेच्या अँपिअर-तास धारकतेच्या सु. एकदशांश असावा, हा सर्वसाधारण संकेत आहे. ४५ अँपिअर-तासांच्या घटमालेस ४ ते ५ अँपिअरचा भारक पुरतो. ती निम्मी रिकामी असल्यास ४ अँपिअरच्या भारकाने सर्व टप्पे पूर्ण होण्यास सर्वसाधारणपणे आठ ते दहा तास लागतात. केवळ भरलेली घटमाला भरलेली ठेवण्यासाठी १ अँपिअरचाही भारक चालतो. फार रिकाम्या घटमालेचा अत्यल्प विद्युत् दाब काही भारक ओळखू शकत नाहीत व सुरूच होत नाहीत.

भारकावरील योजना घटमालेच्या प्रकाराशी जुळणारी असली पाहिजे. द्रव अम्लाची, काचतंतूंच्या चटईत अम्ल शोषून घेतलेली आणि श्लेषरूप अम्लाची असे शिसे-अम्ल घटमालांचे मुख्य प्रकार असून त्यांच्या विद्युत् दाबाच्या मर्यादा थोड्याफार भिन्न असतात. बंदिस्त प्रकारांत गेलेले पाणी पुन्हा घालता येत नसल्याने अतिभारण अधिक घातक ठरते. लिथियम-लोह-फॉस्फेट घटमालेस तिच्यासाठीच असलेली योजना वापरावी. सल्फेट विघटनाची योजना तिला कधीही लावू नये. जुन्या गाडीची घटमाला ६ व्होल्टची असू शकते व काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन अग्र सांगाड्यास जोडलेले असते. म्हणून भारक जोडण्यापूर्वी खुणा तपासणे आवश्यक असते. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांतही बहुधा १२ व्होल्टची एक साहाय्यक घटमाला असते. ती निकामी झाल्यास मुख्य घटमाला भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

जोडणी व दक्षता : हायड्रोजनाचे हवेतील प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक झाल्यास मिश्रण स्फोटक बनते. म्हणून भारण हवेशीर जागी करावे व जवळपास ज्योत किंवा ठिणगी होऊ देऊ नये. भारकाचा वीजपुरवठा बंद असताना प्रथम धन चिमटा धन अग्रास व नंतर ऋण चिमटा घटमालेपासून दूर असलेल्या एंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या उघड्या धातूस जोडतात. त्यानंतर पुरवठा सुरू करतात. धन अग्र सांगाड्यास जोडलेल्या गाडीत हा क्रम उलट असतो. काढताना आधी पुरवठा बंद करून याच्या उलट क्रम पाळतात. थांबताच एंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाड्यांत ऋण अग्रावर प्रवाहमापक संवेदक असतो. भारक थेट त्या अग्रास जोडल्यास गाडीच्या नियंत्रकास भारणाची नोंद मिळत नाही. अशा गाड्यांत सांगाड्यावरील नेमून दिलेला बिंदू वापरावा.

घटमालेत पाणी घालण्याची सोय असल्यास पट्ट उघडे पडू देऊ नयेत. त्यासाठी केवळ ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातील लोह व क्लोराइडे यांमुळे स्वयंविसर्जन व गंज वाढतो. घटमालेत अम्ल घालू नये. पट्ट उघडे असल्यास ते बुडेपर्यंतच पाणी घालून भारण करावे व ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी भारणानंतर घालावे. सांडलेल्या अम्लावर खाण्याचा सोडा टाकून ते उदासीन करता येते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. गोठलेली, फुगलेली किंवा चिरलेली घटमाला भारित करू नये.

वीजजोड नसल्यास : शहरांतील अनेक इमारतींच्या वाहनतळांवर वीजजोड नसतो. वरच्या मजल्यावरून उघड्यावर तार सोडणे, विशेषतः कोकणातील पावसाळ्यात, धोक्याचे असते. अशा वेळी घटमाला काढून घरात हवेशीर जागी भारित करता येते. पूर्ण भारित घटमालेचे ऋण अग्र सोडवून ठेवल्यास गाडीतील उपकरणांचा व्यय थांबतो व केवळ स्वयंविसर्जन उरते. त्यामुळे ती काही महिने टिकते, पण घड्याळ व इतर नोंदी पुसल्या जातात, चोरीची सूचना देणारी यंत्रणा बंद पडते आणि दूरनियंत्रित कुलूप उघडण्यासाठी साधी किल्ली हाताशी ठेवावी लागते. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीस नियामक जोडलेला लहान सौर पट्टही उपयोगी पडतो. कोणताही उपाय केला, तरी महिन्यातून एकदा विद्युत् दाब मोजून तो १२.४ व्होल्टच्या खाली गेल्यास लगेच भारण करणे हिताचे असते.

निकामी घटमालेची विल्हेवाट : मोटारगाडीच्या घटमालेच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शिसे व त्याची संयुगे यांचा असतो. शिसे पुन्हा वितळवून वापरता येते. परंतु उघड्यावर घटमाला फोडून ते काढल्यास धूर, धूळ व अम्ल यांमुळे कामगारांस आणि परिसरातील मुलांस विषबाधा होते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होतो. भारतात वापरलेल्या शिसे-अम्ल घटमाला परत गोळा करण्याविषयीचे नियम २००१ मध्ये करण्यात आले. त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली असून वापरलेल्या घटमाला गोळा करून त्यांचे पुनश्चक्रण करण्याची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर टाकली आहे. निकामी घटमाला भंगारवाल्यास न देता अधिकृत विक्रेत्याकडे किंवा संकलन केंद्राकडे द्यावी. योग्य निगेमुळे घटमालेचे आयुष्य वाढते. त्यामुळे मालकाचा खर्च वाचतो आणि वितळवाव्या लागणाऱ्या शिशाचे प्रमाणही कमी होते.